पगार कुठे अडला?

सीमेवरचे हक्क : लेखांक ६

मागच्या लेखांकात दिव्यांगत्वाचा दाखला कसा मिळवायचा ते पाहिलं. आज त्याच्या पुढचं दुखणं. दाखला आहे, पेन्शनची मंजुरी आहे, काही वर्षं पैसेही आले, आणि एका महिन्यात ते यायचे थांबले. कर्नाटकातल्या भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या पट्ट्यातल्या म्हाताऱ्या बायका या पैशाला पगारच म्हणतात. आधी पोस्टमन मनीऑर्डर घेऊन दारात यायचा, तेव्हा पगार आला नाही तर विचारायला निदान एक माणूस होता. आता पैसा थेट खात्यात जातो. तो अडला तर विचारायचं कुणाला, हे कुणी सांगून ठेवलेलं नाही.

सुरुवात बँकेपासून करा, कारण पुष्कळदा पगार बंद झालेलाच नसतो. हे पैसे आधार क्रमांकावर पाठवले जातात, आणि एका आधाराला अशा पैशासाठी एका वेळी एकच खातं जोडलेलं असतं. शेवटी जे जोडलं, ते. ऑगस्ट २०२३ मध्ये बायकांच्या खात्यात पैसे देणारी कर्नाटक सरकारची गृहलक्ष्मी योजना सुरू झाली तशी बायकांची खात्यांसाठी धावपळ झाली. कुणी पोस्टाच्या बँकेत नवं खातं काढलं, कुणी बँक मित्राकडे अंगठा दिला. त्या अंगठ्यासरशी आधारची जोडणी नव्या खात्याकडे गेली असेल, तर पेन्शनही तिकडेच जाते. आजी मात्र जुनं पासबुक घेऊन बँकेत रांग लावते आणि ‘पैसे आले नाहीत’ हे ऐकून परत फिरते. आधारच्या संकेतस्थळावर कोणती बँक जोडलेली आहे ते दिसतं. गावातल्या ‘ग्राम वन’ सेवा केंद्रात किंवा घरच्या नातवाच्या फोनवर हे आधी बघावं. ‘केवायसी’ची मुदत संपून खातं गोठलं असेल तर तेही बँकेतच कळेल.

तिथं सगळं ठीक असेल, तर गाठ नाडकचेरीशी, म्हणजे होबळीच्या महसूल कार्यालयाशी. लाभार्थी हयात आहे आणि गावातच राहते, याची पडताळणी तिथून होते. गुडघे गेलेली बाई चार महिने पुण्याला किंवा हैदराबादला मुलाकडे राहिली आणि नेमकी त्याच वेळी पडताळणी झाली, तर तिच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ लागू शकतं आणि पगार थांबतो. ज्यांना सांभाळायला माणूस लागतो, त्याच बायका घरी सापडत नाहीत. नावांचाही घोळ असतो. आपल्याकडे बाईचं नाव, नवऱ्याचं नाव आणि आडनाव अशी रीत. रेशनकार्डावर कन्नडमध्ये आडनाव गळतं, आधारवर राहतं, आणि यंत्राला त्या दोन वेगळ्या बायका वाटतात.

दाखल्याची तारीखही बघून घ्या. १ जून २०२१ पासून दाखले फक्त यूडीआयडीच्या (दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या) ऑनलाइन व्यवस्थेतूनच देणं बंधनकारक आहे. जुना कागदी दाखला असेल किंवा नव्याची मुदत संपली असेल, तर पुन्हा तपासणीला जिल्ह्याच्या ठिकाणी बोलावलं जाऊ शकतं. औरादहून बीदर चाळीसेक किलोमीटर. आळंदच्या बाईला कलबुर्गी गाठावी लागते. पाय कापलेल्या बाईला पुन्हा तपासण्यात मला तरी काही अर्थ दिसत नाही. २०१७ च्या नियमांनुसार, दिव्यांगत्वात फरक पडण्याची शक्यता नसेल तर दाखला कायमस्वरूपीच द्यायचा असतो. तपासणीला गेलात, तर डॉक्टरांना दाखल्यावर ‘कायमस्वरूपी’ हा शब्द लिहायला आवर्जून सांगा.

आता पासष्टीचा पेच, आणि माझा खरा राग इथं आहे. कर्नाटकात ४० ते ७५ टक्के दिव्यांगत्वाला महिना ८०० रुपये मिळतात, त्याहून जास्त असेल तर १,४००. पण ६५ पूर्ण झालेल्या गरीब वृद्धेला संध्या सुरक्षा या वृद्धांच्या पेन्शन योजनेतून १,२०० मिळतात. म्हणजे साठ टक्के दिव्यांग असलेली सत्तरीची बाई दिव्यांग म्हणून ८०० ची, आणि नुसती म्हातारी म्हणून १,२०० ची! दोन पेन्शनी एकत्र घेता येत नाहीत, म्हणून चारशे रुपयांसाठी योजना बदलावी लागते. या बदलात जुनी आधी बंद झाली आणि नवी मंजुरी रखडली, तर मधले महिने कोरडे जातात. बदल करायचाच असेल, तर नवी मंजुरी हातात पडल्याशिवाय जुनी बंद करू नका, असं अर्जातच लिहा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २४ सांगतं, की दिव्यांगांना मिळणारी मदत इतरांच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्के जास्त हवी. १,२०० वर २५ टक्के म्हणजे १,५००. इथं १,४०० सुद्धा कमी पडतात. ८०० ची तर गोष्टच सोडा. केंद्राची दिव्यांग पेन्शन ८० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांनाच, आणि तिची रक्कम २०१२ पासून ३०० वरच थांबली आहे. सीमेपलीकडे महाराष्ट्रात, उदगीर-निलंग्याला संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० रुपये लागू झाले. माहेर तिकडं आणि सासर इकडं असलेल्या बायका हा फरक नीट ओळखून आहेत.

अंगठा उमटत नाही, एवढ्या कारणावरून पैसा रोखता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात हे स्पष्ट केलं. ओळख दुसऱ्या मार्गाने पटवायची असते. आयुष्यभर तुरी कापलेल्या आणि भांडी घासलेल्या बोटांवर रेषा उरत नाहीत, यात त्या बाईचा काय दोष? त्याच न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी अन्नाच्या हक्काच्या खटल्यात, राष्ट्रीय वृद्धापकाळ पेन्शन दर महिन्याच्या ७ तारखेपर्यंत द्या, असा आदेश दिला होता. तो वृद्धांच्या पेन्शनबद्दल होता, पण वेळेवर न आलेला पैसा उपाशी माणसाच्या कामाचा नाही, हा त्यामागचा विचार दिव्यांग बाईलाही तितकाच लागू आहे.

तहसीलदारांना अर्ज द्या, तो लेखीच. कन्नड येत नाही म्हणून थांबू नका. राज्यघटनेचं कलम ३५० सांगतं, की गाऱ्हाण्याचा अर्ज केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत करता येतो. त्यामुळे मराठीत दिलेला अर्ज घ्यावाच लागतो. सोबत कन्नड प्रत जोडली तर काम लवकर पुढे सरकतं, एवढंच. पेन्शन कोणत्या महिन्यापासून, कोणत्या कारणाने आणि कुणाच्या आदेशाने थांबली, हे तीन प्रश्न अर्जात हवेत. पोचपावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पगार पुन्हा सुरू झाला की बायका सुटकेचा निःश्वास टाकतात आणि मागची थकबाकी मागायची राहून जाते. म्हणून पहिल्याच अर्जात लिहा : थांबलेल्या सगळ्या महिन्यांची रक्कम मिळावी.