आजीचे माहेर कोठले?

तुमच्या आजीचे माहेर कोठले? तिच्या आईचे नाव काय? वही घ्या आणि लिहून पाहा बरे.

मी जन्मभर मास्तरकी केली, शेवटी हेडमास्तर झालो. शाळेच्या रजिस्टरात शेकडो मुलांची नावे या हाताने लिहिली. पण माझ्या स्वतःच्या आजीचे माहेरचे गाव मला सांगता येत नाही. ती पहाटे जात्यावर बसे. मी तिच्या मांडीवर डोके ठेवून निजलेला असे. ओवीत तिचा भाऊ येई, माहेरची वाट येई, सोळशी नदी येई. पुढे मला लिहिता येऊ लागले, तरी मी त्यातले काही लिहून ठेवले नाही. आजी गेली. आता विचारावे तर कोणाला?

आपल्या महाबळेश्वर-जावळीच्या मुलुखात अशी चूक फार महाग पडते. कोयना जुन्या महाबळेश्वरला उगम पावते. खाली पाटण तालुक्यात तिच्यावर मोठे धरण बांधले. ते 1964 साली पुरे झाले. पाणी मागे पार तापोळ्यापर्यंत पसरले. त्यालाच आपण शिवसागर म्हणतो. त्या पाण्याखाली गावे गेली. घरे गेली, देवळे गेली, खळी गेली. माणसे रायगड, ठाणे, सोलापूर, सांगली अशी चहूकडे पांगली. पुष्कळ तरुण मुंबईला जाऊन माथाडी झाले. धरणाने वीज दिली, हे खरेच आहे. पण एका भावकीची चार मुलुखांत चार घरे झाली.

गाव जागेवर असले म्हणजे गावच गोष्ट सांगते. आंब्याखालून जाताना बाप म्हणतो, "हा आंबा तुझ्या पणज्यानं लावला." आंबा पाण्याखाली गेला, मग हे सांगायचे कोठे? नव्या गावी जन्मलेल्या पोराला ते कधी ऐकूच येत नाही.

सांगली-कोल्हापूरकडे हेळवी नावाचे लोक फिरतात. पूर्वी ते बैलावर बसून येत. दारात उभे राहून ते तुमच्या घराण्याची नावे सांगतात. मूळ गाव कोणते, कोण कोठून आला, कोणाला किती मुलगे, सारे त्यांच्यापाशी असते. बदल्यात घरधनी धान्य देतो, पैसे देतो. हे काम मोठेच. पण त्यांचा भर बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वंशावर. सातबाऱ्यावरही पूर्वी बहुधा पुरुषाचेच नाव असे. मग घरातल्या बाईची हकीकत कोठे शोधायची?

ती ओवीत असते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी खेडोपाडी बायांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या! 2017 सालापासून त्या मोबाईलवरही वाचायला, ऐकायला मिळतात. ज्या बायांनी त्या गायल्या, त्यांतल्या कित्येकींना अक्षर येत नव्हते. पण ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव दिलेले असते. मला ही गोष्ट फार आवडली.

आता तुम्हाला अक्षर येते. तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. मात्र "तुझा इतिहास सांग" असे म्हणू नका. ती म्हणेल, "माझा कसला आलाय इतिहास!" शेंगा फोडता फोडता विचारा, "आज्जे, तुला या घरात कुणी दिलं? वरात कशी आली? हे जातं कुणी आणलं?" जात्यावरून ओवी निघेल, ओवीवरून माहेर निघेल.

सन विचारू नका, तो तिला सांगता येणार नाही. विचारा, "हे धरणाच्या आधी का नंतर?" "भूकंपाच्या आधी का नंतर?" कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 चा. मोठा दुष्काळ 1972 चा. एवढ्या खुणांवर बरीचशी साले बसवता येतात. दोघी जावा एकच गोष्ट दोन तऱ्हांनी सांगतील. दोन्ही लिहा. कोण खरी, हा निवाडा तुम्ही करू नका. भांडणतंट्याची गोष्ट निघाली, तर वहीत उतरवण्याआधी तिला विचारा.

ती बोलते तसेच लिहा. शुद्धलेखनाची काळजी नको. (हे मी, मास्तर माणूस, सांगतो आहे!)

माळ्यावरच्या ट्रंकेत मोडी कागद असले तर चुलीत घालू नका. आपल्या शेजारच्या वाईला एका घरात असेच कागद निघाले. ते राजवाडे यांनी 1898 साली छापले आणि पानिपतच्या काळची पत्रे लोकांना वाचायला मिळाली. तुमच्या ट्रंकेत कदाचित नुसती कर्जाची पावती असेल. तीही ठेवा. पणज्याने कोणत्या साली कशापायी कर्ज काढले, ते तिच्यावरून कळेल.

माझ्यापुरते म्हणाल तर माझ्या हाती सोळशी एवढा एकच शब्द उरला आहे. ती नदी तापोळ्याच्या बाजूला शिवसागराला मिळते. गेली दोन वर्षे उन्हाळ्यात मी तिच्या काठच्या गावांत जातो. ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारतो, "आमच्याकडे दिलेली इथली कुणी लेक तुम्हाला आठवते का?" एका आजीबाईने गेल्या खेपेला विचार करून सांगितले, "तुमच्या आजीची एखादी ओवी म्हणून दाखवा, मग बघते." मला एकही पुरी आली नाही.