कालव्याचे पाणी आणि आकारणीचा रकाना

महाबळेश्वरी उगम पावणाऱ्या कृष्णेवर विजयवाड्यास १८५५ साली बंधारा पुरा झाला. १९५७ पासून त्याचे जागी प्रकाशम् बंधारा आहे. तेथील कालव्यांचा हिशेब करू जाता प्रथम भाताचे एकर मोजले जातात. परंतु त्याच पाण्याने पिण्याची तळी भरतात, गुरांची तहान भागते, मत्स्यतळी चालतात, विहिरींस पाझर लागतो. पूर्वी मालाच्या नावाही चालत. वसुलीच्या दप्तरात आमची हयात गेली, तेथे ह्या उपयोगांस रकाना नसे! समुद्राजवळ भूजल खारे. कालव्याच्या टोकाच्या गावांस तळे हाच आधार. यास्तव पाणी तुटपुंजे असता तळी भरण्याचे दिवस आधी मुक्रर करावेत, उरेल त्यावर भाताचे क्षेत्र ठरवावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.