घरातील साठवणपेटी आणि माहितीची राखण

पूर्वी घराण्याचे महत्त्वाचे कागद, जन्मपत्रिका आणि लग्नातील छायाचित्रे लाकडी पेटीत जपून ठेवीत. आज तोच ठेवा संगणकाच्या हार्ड डिस्कवर असतो. कागदाला लागलेली वाळवी डोळ्यांना दिसते; डिस्क मात्र पुष्कळदा कोणतीही पूर्वसूचना न देता बंद पडते. म्हणून घरातील सर्व संगणकांना सामाईक अशी, अनेक डिस्क बसविता येणारी साठवणपेटी घेण्याकडे कित्येकांचा कल असतो. तिलाच ‘नॅस’ म्हणतात. ती निवडताना कोणता विवेक बाळगावा?

या पेटीमागील तत्त्व १९८८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एका निबंधात मांडले. एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडाव्यात आणि त्यांतील एक निकामी झाली तरी माहिती शाबूत राहावी, अशी ती योजना होय. तिला ‘रेड’ हे नाव मिळाले.

तिचा सर्वांत सोपा प्रकार जोडप्रतीचा. दोन्ही डिस्कवर तोच मजकूर लिहिला जातो. म्हणून ४ टेराबाइटच्या दोन डिस्क घेतल्या तरी जागा ४ टेराबाइटच मिळते. दुसरा प्रकार ताळ्याचा. ५, ७ आणि ९ या आकड्यांशेजारी त्यांची बेरीज २१ लिहून ठेवली, तर ७ पुसला गेला तरी तो उरलेल्या आकड्यांवरून काढता येतो. यंत्राचे गणित याहून निराळे असले तरी तत्त्व हेच. ४ टेराबाइटच्या चार डिस्कांवर एकेरी ताळा, म्हणजे ‘रेड ५’, ठेवल्यास १२ टेराबाइट जागा उरते आणि एका डिस्कचा अपघात सोसतो. दुहेरी ताळा, म्हणजे ‘रेड ६’, ठेवल्यास ८ टेराबाइट उरते. परंतु दोन डिस्क गेल्या तरी माहिती वाचते.

हा दुहेरी ताळा चैन नव्हे. नवी डिस्क बसविल्यावर तिच्यावर जुना मजकूर पुन्हा उभारण्यास कित्येक तास, प्रसंगी दिवसही लागतात. त्या काळात उरलेल्या डिस्कांवर सर्वाधिक ताण पडतो, आणि एकेरी ताळ्यात नेमक्या त्याच वेळी दुसरी डिस्क गेली तर सर्वस्व बुडते. शिवाय कौलांप्रमाणे एकमेकांवर चढणाऱ्या पट्ट्यांत लिहिणाऱ्या, म्हणजे ‘एसएमआर’ जातीच्या डिस्क या उभारणीत फार मंदावतात. त्या टाळून ‘सीएमआर’ डिस्क घ्याव्यात. डिस्क बिघडताच पेटी इशारा देते काय, साठविलेला मजकूर ती वेळोवेळी पडताळते काय, आणि पेटीच बिघडली तर त्या डिस्क दुसऱ्या पेटीत चालतील काय, हे तीन प्रश्न दुकानदारास अवश्य विचारावेत. वीज अवचित जाणाऱ्या गावी यूपीएसही हवाच.

तथापि या सर्व व्यवस्थेची मर्यादा ओळखणे अधिक अगत्याचे आहे. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कांवरून त्याच क्षणी पुसली जाते. आग, चोरी किंवा पूर यांत सारी पेटीच जाते. एप्रिल २०२१ मध्ये ‘क्यूलॉकर’ नावाच्या खंडणीखोर प्रणालीने इंटरनेटवर उघड्या राहिलेल्या अनेक घरगुती साठवणपेट्यांतील फाइली कुलूपबंद केल्या. तेथे ताळा निरुपयोगीच ठरला. म्हणून पेटी बाहेरच्या जगास थेट खुली ठेवू नये.

यावरील उपाय संगणकाहून जुना आहे. १९१७ च्या कॅथलिक धर्मसंहितेतील ४७० व्या कलमानुसार धर्मग्रामाच्या बाप्तिस्मा, विवाह व मृत्यू यांच्या नोंदवह्यांची अधिकृत प्रत दरवर्षाअखेर बिशपांच्या कार्यालयाकडे पाठविणे धर्मगुरूंवर बंधनकारक होते. एका ठिकाणची वही नष्ट झाली, तरी दुसऱ्या ठिकाणी तिची प्रत राहावी, ही सोय त्यातून साधत असे.

घरच्या ठेव्यालाही हाच नियम लावावा: एकूण तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांतील एक घराबाहेर. पेटीसाठी ठेवलेल्या पैशांतून प्रथम या बाहेरच्या प्रतीची तरतूद करावी आणि उरलेल्या रकमेत पेटी निवडावी. ती प्रत उघडून नीट वाचता येते की नाही, हे वर्षातून एकदा तरी पाहावे. कारण पडताळून न पाहिलेली प्रत ऐन वेळी उपयोगी पडेलच, असा भरवसा कोणी देऊ शकत नाही.