निबंध अडला? विद्यापीठातच विचारा!

मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयांतून प्रथम श्रेणी मिळवून ब्रिटनमध्ये पदव्युत्तर शिक्षणासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्याला पहिला धक्का बहुधा पहिल्या निबंधाच्या गुणांनी बसतो. विषय समजलेला असतो, वाचनही झालेले असते. तरीही शेरा येतो, 'वर्णन पुष्कळ, विश्लेषण अपुरे'. या शेऱ्याचा अर्थ उलगडून सांगणारी व्यवस्था त्याच विद्यापीठात, अनेकदा ग्रंथालयाच्या इमारतीतच, विनामूल्य उपलब्ध असते. मात्र, अनेकांना तिची माहितीच नसते.

भेटीत काय होते?

शैक्षणिक कौशल्यांचे वैयक्तिक मार्गदर्शन, असे या व्यवस्थेचे स्वरूप आहे. साधारण अर्धा ते एक तासाची वेळ आधी ठरवून घ्यावी लागते. विद्यार्थ्याने प्रश्न, गुणदानाचे निकष आणि कच्चा मसुदा सोबत न्यावा, अशी अपेक्षा असते. मार्गदर्शक विषय शिकवत नाही. 'स्पष्ट करा' आणि 'चिकित्सा करा' यांतील फरक, परिच्छेदांची जुळणी, पुराव्यावरून निष्कर्षापर्यंत जाण्याची रीत आणि संदर्भ देण्याची पद्धत यांवर तो बोट ठेवतो. शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त करून देणे किंवा गुणांचा अंदाज सांगणे हे त्याचे काम नव्हे. लेखन विद्यार्थ्याचेच राहिले पाहिजे, हे त्यामागचे तत्त्व होय.

आपले विद्यार्थी का अडखळतात?

तीन तासांच्या लेखी परीक्षेत पाठ्यपुस्तकातील उत्तर जसेच्या तसे उतरविणे आपल्याकडे अभ्यासाचे लक्षण मानले जाते. तेथे तेच वाक्य संदर्भाविना लिहिल्यास वाङ्मयचौर्य ठरते. त्याची शिक्षा निबंधाचे गुण रद्द होण्यापासून प्रवेश रद्द होण्यापर्यंत जाऊ शकते आणि प्रवेश गेला, की व्हिसाही धोक्यात येतो. पदव्युत्तर अभ्यासक्रम बहुधा एकाच वर्षाचा, १८० श्रेयांकांचा असतो आणि त्यांपैकी साधारण ६० श्रेयांक प्रबंधाचे असतात. त्यामुळे चुकत-माकत शिकण्यास सवड उरत नाही. कर्ज काढून मुलाला पाठविलेल्या घराला ही चूक फार महाग पडते.

येथेही गरज

हा प्रश्न परदेशापुरता नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्रबंधातील साम्य १० टक्क्यांपर्यंत असल्यास शिक्षा नाही. मात्र ते ६० टक्क्यांहून अधिक आढळल्यास विद्यार्थ्याची नोंदणी रद्द होऊ शकते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या पदवीत संशोधनाचा पर्याय आणल्याने पदवीच्या विद्यार्थ्यांवरही प्रबंधलेखनाची वेळ येत आहे. नियम आले, साम्य तपासणारी संगणकप्रणालीही आली. पण लिहायचे कसे, हे समोर बसवून शिकविणारा शिक्षक प्रत्येक महाविद्यालयात असेलच, असे नाही.

विद्यार्थ्यांनी काय करावे?

निबंध सादर करण्याच्या आदल्या दिवशी धावपळ करण्यापेक्षा विषय हाती पडताच वेळ घ्यावी. जुन्या निबंधावरील शेरे सोबत न्यावेत. 'माझा निबंध पाहा' असे मोघम सांगण्याऐवजी 'माझा युक्तिवाद कोठे तुटतो?' असा नेमका प्रश्न विचारावा. मदत मागणे म्हणजे कच्चेपणाची कबुली, हा समज सोडलेला बरा. उत्तम गुण मिळविणारे विद्यार्थीही ही भेट घेत असतात.