अवजार तुमचं, कारखाना त्यांचा : दाखवण्याआधी काय कराल?



गेल्या खरिपात एका गावी गेलो असता तिथल्या शेतकऱ्याने आपले सुधारलेले कोळपे दाखवले. दोन ओळींतले अंतर बदलले तरी पाना घेऊन नट सोडायला नको. एक खिटी उपसायची, पास सरकवायची, खिटी परत बसवायची. काम चोख होते. त्यांनी विचारले, "साहेब, मोठी कंपनी घेईल का हे?" मी म्हणालो, "आधी सांगा, आजवर कुणाकुणाला दाखवलंत?" ते म्हणाले, "प्रदर्शनात दोन दिवस मांडलं होतं. एका कारखान्याचा माणूस फोटोही काढून घेऊन गेला."

इथेच तर घोडं पेंड खातं! पेटंट मिळते ते नव्या वस्तूला. अर्ज करण्यापूर्वी ती चारचौघांत उघडी झाली, की कायद्याच्या लेखी ती नवी राहत नाही. शासनाने राजपत्रात त्यासाठी खास जाहीर केलेली प्रदर्शने याला अपवाद आहेत; गावोगावची प्रदर्शने त्यांत येत नाहीत.

एक जुनी गोष्ट ऐका. ट्रॅक्टरच्या मागे अवजार तीन ठिकाणी जोडून हायड्रॉलिकने उचलण्याची पद्धत आज आपण रोज पाहतो. ती रूढ केली आयर्लंडमधल्या एका शेतकऱ्याच्या मुलाने, हॅरी फर्ग्युसन यांनी. १९३८ साली ते आपला ट्रॅक्टर घेऊन अमेरिकेत हेन्री फोर्ड यांच्याकडे गेले. शेतात चालवून दाखवला. फोर्ड खूश झाले आणि दोघांनी हातात हात देऊन सौदा पक्का केला. कागद काही झाला नाही. १९३९ साली ट्रॅक्टर बाजारात आला व चांगला खपला. पुढे फोर्ड यांचे नातू कारभारी झाले आणि १९४७ साली त्यांनी तो सौदा मोडला. तीच पद्धत वापरून कंपनी स्वतःचे ट्रॅक्टर काढू लागली. फर्ग्युसन कोर्टात गेले. १९५२ साली तडजोड होऊन त्यांना साडेब्याण्णव लाख डॉलर मिळाले. पण कशाच्या बळावर? हातात दिलेल्या हाताच्या नव्हे, तर आधीच घेऊन ठेवलेल्या पेटंटच्या बळावर.

आता आपण काय करायचे, ते क्रमाने पाहू.

१) आधी गप्प राहा. शेजारी, दुकानदार, प्रदर्शन, मोबाइलवरचा व्हिडिओ, सारे थांबवा. लोहाराला दाखवावेच लागते. त्याच्याकडून 'कुणाला सांगणार नाही' असे लिहून घ्या.

२) तात्पुरता अर्ज करा. पेटंट कार्यालय मुंबईत अँटॉप हिलला आहे. अर्ज ऑनलाइनही होतो. एका व्यक्तीसाठी शुल्क १६०० रुपये आहे. वकिलाची फी वेगळी. अवजाराची आकृती काढा व ते कसे चालते हे लिहा. यातून पेटंट लगेच मिळत नाही, पण तुमची तारीख पक्की होते. त्यानंतर १२ महिन्यांच्या आत संपूर्ण अर्ज केला नाही, तर तो सोडून दिला असे धरतात. पेटंट मिळाले तर ते अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे चालते. पुढे दरवर्षीचे शुल्क मात्र भरावे लागते. स्वतःच्या पत्त्यावर रजिस्टर पत्र टाकून हक्क मिळतो हा गैरसमज आहे.

लक्षात ठेवा, अवजाराला पेटंट मिळू शकते. पेरणीच्या किंवा लागवडीच्या पद्धतीला आपल्या कायद्यात मिळत नाही.

खर्च झेपत नसेल तर गुजरातमधल्या राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानला लिहा. सन २००० मध्ये सुरू झालेली ही संस्था खेड्यापाड्यांतल्या संशोधकांना पेटंटसाठी मदत करते.

३) आकडे जमवा. कंपनीला कल्पनेपेक्षा हिशेब कळतो. दिवसाला किती एकर होते? मजूर किती वाचतात? करायला खर्च किती येतो? मोडले तर गावात दुरुस्त होते का? निदान एक हंगाम वापरून ही टिपणे वहीत तारखेनिशी ठेवा. अर्ज झाल्यावर राहुरी, अकोला, परभणी किंवा दापोली, जे कृषी विद्यापीठ जवळ असेल तिथल्या अवजार विभागाचे मत घ्या.

४) मग कंपनीकडे जा. पहिल्या पत्रात अवजार काय काम करते एवढेच सांगा, कसे करते ते नको. पुष्कळ मोठ्या कंपन्या आधी एका कागदावर सही मागतात. 'तुमची कल्पना गुप्त ठेवण्याची जबाबदारी आमची नाही' असे त्यात असू शकते. वाचल्याशिवाय अंगठा नको, सही नको. तारीख हाती असेल तर अशा कागदाचे भय कमी.

५) करार लेखी करा. एकरकमी घ्यायचे की नगामागे, ते ठरवा. समजा नगाला ५० रुपये ठरले आणि २००० नग खपले, तर एक लाख होतात. पण कंपनीने नग काढलेच नाहीत तर? म्हणून 'अमुक वर्षांत उत्पादन सुरू न झाल्यास हक्क परत' हे कलम घालाच. खपलेल्या नगांचा हिशेब पाहण्याचा हक्कही लिहून घ्या.

कंपनी नाही म्हणाली तर खचू नका. तालुक्यातला लहान कारखानदार कधी कधी अधिक लवकर हात घालतो. कागद मात्र तिथेही हवाच.

त्या कोळपेवाल्या शेतकऱ्यांचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. दाखवून झालेली खिटी काही परत झाकता येत नाही. पण त्यांनी आता त्यात आणखी एक नवी सुधारणा केली आहे. ती मलाही दाखवली नाही. म्हणाले, "साहेब, आधी अर्ज, मग तुम्ही." मला त्याचा रागही आला नाही, उलट बरे वाटले.