वांकड्या मुळाची दाढ आणि दोन कानशी

दाढ दुखूं लागली म्हणजे ती काढावी कीं राखावी, हा प्रश्न प्रत्येक घरांत केव्हां ना केव्हां उभा राहतो. गेल्या पावसाळ्यांत तो माझ्यापुढें आला. माझा एक जुना विद्यार्थी दंतवैद्य आहे. क्ष-किरणांचें छायाचित्र पाहून तो म्हणाला, "गुरुजी, दाढ राखतां येईल, पण पुढचें मूळ वांकडें आहे. घाई करून चालणार नाहीं."

मुळांतून बारीक नाली जाते. तिच्यांतील गर कुजला म्हणजे तो काढून, नाली घासून, धुऊन भरावी लागते. घासण्यासाठीं सुईसारखी कानस असते. १५ नंबरच्या कानशीचें टोंक अवघें ०.१५ मिलिमीटर जाड. नाली सरळ असली तर कोणतीहि कानस चालते. वांकणावर मात्र धातूचा स्वभाव कळतो.

पोलादी कानस वांकणांत शिरली कीं सरळ होण्यासाठीं ओढ घेते. जितकी ती जाड, तितकी ओढ अधिक. त्यामुळें टोंकाशीं ती वांकणाची बाहेरची भिंत खाते, आणि त्याच्या अलीकडे आंतली. कधीं भिंतीला पायरी पडते, कधीं मुळाला भोंकच पडतें. मग दाढ राखणें कठीण होतें.

दुसरी कानस निकेल व टायटॅनियम यांच्या मिश्रधातूची. १९८८ सालीं अमेरिकेंत वालिया, ब्रँटली व गर्स्टाइन यांनीं दांत सरळ करण्याच्या तारेपासून ती घडविलेली दाखविली. त्याच मापाच्या पोलादी कानशीहून ती दोन-तीन पट लवचिक ठरली. शाळेंतली वेताची छडी वांकवून सोडली कीं पूर्ववत् होते, तसाच हा धातु. नालीला आपल्या वळणावर न नेतां तो तिचें वळण पाळतो.

"मग पोलाद टाकूनच कां देत नाहींस?" मीं विचारलें. त्यानें सांगितलें तें असें: पोलादाला आधींच हवा तसा बांक देतां येतो, म्हणून अडलेली वाट शोधण्यास तेंच उपयोगी. शिवाय तुटण्यापूर्वीं त्याचे पीळ बहुधा उलगडलेले दिसतात. साध्या निकेल-टायटॅनियमच्या कानशींत असा बांक टिकत नाहीं. यंत्रावर वांकणांत फिरतांना ती प्रत्येक फेऱ्यांत ताणली व दाबली जाते, थकते, आणि कांहीं पूर्वसूचना न देतां तुटूं शकते. म्हणून जाणता वैद्य प्रथम बारीक पोलादी कानशीनें हातानें वाट मोकळी करतो, मग दुसरी फिरवितो, आणि ती थकण्यापूर्वींच टाकून देतो. तरीहि कानस साऱ्या भिंतींना पोंचत नाहीं. उरलेलें काम औषधी द्रवाचें.

दुसऱ्या बैठकीस मीं "आतां आटप" म्हणून कुरकुर केली होती. तिची आज लाज वाटते. दाढ जागेवर आहे. आपल्या वैद्यानें वांकड्या मुळासाठीं वेळ मागितला, तर तो आनंदानें द्यावा.