फवारणी पंपाचे इंजिन सुरू होत नसल्यास

कपाशीवर फवारणीची वेळ साधावयाची असते आणि नेमक्या त्याच दिवशी पाठीवरील फवारणी पंपाचे टू-स्ट्रोक इंजिन सुरू होत नाही. अशा वेळी सारखी दोरी ओढत राहू नये, आणि कार्ब्युरेटरचे स्क्रू तर मुळीच फिरवू नयेत. मूळ दोष बहुधा साधा असतो. स्क्रू हलविल्याने त्यात दुसऱ्याची भर पडते.

दोष कोठे आहे हे स्पार्क प्लग सांगतो. इंधनाचा कॉक उघडा व बटण चालू असल्याची खात्री करून, चोक लावून पाच-सहा वेळा दोरी ओढावी व प्लग काढून पाहावा.

टोक कोरडे असल्यास इंधन पोहोचत नाही असे समजावे. टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र, गाळणी व नळी तपासावी. गेल्या हंगामातील मिश्रण टाकीत राहिले असल्यास तेच प्रथम काढून टाकावे. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ओलावा शोषून घेते, आणि पाणी फार झाले म्हणजे त्यासह तळाशी वेगळे बसते. इंजिन इंधन ओढते ते तळातूनच! थोडे मिश्रण काचेच्या बाटलीत घेतल्यास हे दोन थर दिसतात.

टोक ओले असल्यास इंधन येते, पण पेटत नाही. बटण बंद करून व चोक काढून, प्लगविना चार-पाच वेळा दोरी ओढावी, म्हणजे साचलेले इंधन निघून जाईल. प्लग पुसून काजळी खरवडावी. टोकातील फट सामान्यतः ०.६ ते ०.७ मिलिमीटर असावी. ठिणगी पाहताना सांडलेले इंधन पुसून घ्यावे, बटण पुन्हा चालू करावे व प्लगचे धातूचे अंग इंजिनास टेकवून तो भोकापासून दूर धरावा. ठिणगी नसल्यास नवा प्लग लावून पाहावा. बटणाची तार कोठे सोलून इंजिनास टेकल्यासही ठिणगी पडत नाही.

काजळी वारंवार धरत असल्यास तेलाचे माप तपासावे. बुचाने अंदाजे तेल ओतण्याची सवय वाईट. पुस्तिकेत २५:१ असल्यास लिटरला ४० मिलिलिटर, ५०:१ असल्यास २० मिलिलिटर टू-स्ट्रोक तेल घालावे. तेलाविना मात्र इंजिन कदापि चालवू नये. त्यास वंगण मिळते ते या मिश्रणातूनच, अन्यथा पिस्टन जाम होतो.

इंधन व ठिणगी दोन्ही ठीक असूनही इंजिन सुरू न झाल्यास हवेची गाळणी व धुराच्या मार्गातील काजळी साफ करावी. दोरी नेहमीपेक्षा फारच सैल येत असेल, तर पिस्टनच्या कड्या झिजल्याचा संभव असतो. तेव्हा यंत्र कारागिराकडे न्यावे.